आपोआप थांबणारी गाडी

१

काशिराम घरत दसऱ्याच्या दिवशी, भर दुपारी, स्वतःच्या अंगणात स्वतःच्याच नव्या गाडीच्या धडकेने मेला. गाडी अशीतशी नव्हती. समोर माणूस आला की चालवणाऱ्याने काही केलं नाही तरी आपोआप थांबणारी होती. घरतांच्या आळीत तशी ती पहिलीच, आणि काशिरामला तिचं भारी कौतुक.

मी एलिशेवा झिराडकर. खांदा कॉलनीत राहते आणि विमा कंपन्यांसाठी अपघातातल्या गाड्या तपासते. गाडी कशी ठोकली आणि मालक सांगतो त्यातलं किती खरं, हे बघणं हा माझा धंदा. नाव ऐकून लोक मला ख्रिश्चन समजतात. मग मी सांगते, आम्ही बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले ज्यू. आमचे पूर्वज इथे तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी बंद ठेवायचे, म्हणून गाव त्यांना शनवार तेली म्हणायचं. माझा भाऊ झकेरिया आणि बाकीचे भाऊबंद इस्राएलला गेले. मी राहिले, कारण मला इथल्या खड्ड्यांची सवय झाली आहे.

विमा कंपनीच्या मॅनेजरने फोन केला तेव्हा प्रकरण वरवर पाहता संपलेलं होतं. घरतांचा ड्रायव्हर शिवा याने पोलिसांना सांगितलं होतं की गाडी मीच चालवत होतो, ब्रेक मारला, पण लागला नाही. काशिरामचा मुलगा केतन याने ते आपल्या डोळ्यांनी पाहिल्याचं सांगितलं होतं. निष्काळजीपणाचा गुन्हा दाखल झाला, लायसन जप्त झालं, शिवाला जामीन मिळाला.

घोटाळा झाला तो नंतर. गाडी बनवणाऱ्या कंपनीचे इंजिनिअर आले आणि त्यांनी तीच गाडी त्याच अंगणात पुन्हा पुन्हा पुतळ्यावर नेली. दर वेळी ती पुतळ्याच्या अलीकडे शहाण्यासारखी थांबली. ब्रेक ठणठणीत होते. त्यांनी पोलिसांना सांगितलं की ही गाडी माणसावर जायची एकच रीत आहे. चालवणाऱ्याने मुद्दाम ॲक्सिलरेटर दाबून धरला, तर गाडी त्याचं ऐकते.

आता गावाला ठाऊकच होतं की काशिराम आणि केतन यांचं वर्षभर वाजत होतं. घरतांचं शेवटचं मिठागर केतनला भराव टाकून गोदामाला द्यायचं होतं आणि काशिराम नाही म्हणत होता. इन्स्पेक्टरने दोन आणि दोन चार केले. ड्रायव्हरने केतनच्या सांगण्यावरून म्हाताऱ्याला उडवलं.

"मॅडम, सोमवारी मी खुनाचं कलम लावतोय," तो मला म्हणाला. "तुम्हाला काय बघायचं ते त्याआधी बघून घ्या."

२

उलव्याला घरतांचं घर म्हणजे विमानतळात गेलेल्या जमिनीचं दुमजली रूप. पुढे पूर्वीचं खळं. त्याच्यावर आता सिमेंटचे ब्लॉक बसवलेले. अंगण इतकं लांबरुंद की त्यात क्रिकेटचा सामना व्हावा. घराच्या पायऱ्यांपाशीच काशिराम पडला होता. धडक फार जोराची नव्हती, पण डोकं दगडी पायरीच्या कडेवर आपटलं आणि खेळ संपला.

सीट पुढे होती की मागे, आरसा कुणाच्या उंचीला लावला होता, असले पुरावे मला कधी मिळत नाहीत. माझ्याआधी चार पोलीस आणि दोन इंजिनिअर त्या सीटवर बसून गेलेले असतात. मी पत्रा बघते आणि जमीन बघते.

जमिनीवर रबराच्या खुणा होत्या. एकावर एक, ढीगभर, इंजिनिअरांच्या चार-दोन ताज्या सोडल्या तर सगळ्या जुन्या आणि सगळ्या जवळजवळ एकाच जागी संपणाऱ्या. त्यांच्या पलीकडे, जिथे काशिरामला धडक बसली त्या जागी, एकही खूण नव्हती. म्हणजे ही गाडी या अंगणात कितीतरी वेळा करकचून थांबली होती, फक्त त्या दिवशी थांबली नव्हती.

दवाखान्यातल्या डॉक्टरांना मी आधीच भेटले होते. मार दोन्ही पायांना समोरून, सारखा आणि गुडघ्याच्या वर होता. ब्रेक दाबला की गाडी नाक खाली घालते आणि मार खाली, नडगीवर बसतो. इथे नाक वरच होतं. शिवा म्हणत होता ब्रेक मारला, आणि गाडी म्हणत होती कुणी मारला नाही. दोघांत खोटं बोलायची सोय फक्त शिवाला होती.

दुसरी गोष्ट मला जास्त खटकली. पळणाऱ्या माणसाचा एक पाय पुढे असतो, वळणाऱ्याला मार बाजूने बसतो. काशिराम दोन्ही पाय जुळवून, गाडीकडे तोंड करून उभा होता. चांगला धडधाकट माणूस, भर उजेड, इकडेतिकडे पळायला अख्खं खळं मोकळं. तरी तो हलला नाही. ज्याला कुणी मारायला येतंय तो असा फोटो काढून घेतल्यासारखा उभा राहत नाही.

केतनने मला ओटीवर बसवलं. सुतकाचे दिवस, डोकं भादरलेलं, डोळ्यांखाली काळं. त्याने जे पोलिसांना सांगितलं तेच शब्दही न बदलता मला सांगितलं. तो घरात होता, खिडकीतून पाहत होता, शिवा गाडी गेटमधून आत आणत होता, आणि बाबा मध्ये आले. मी विचारलं, बाबा बाजूला का झाले नाहीत? तो म्हणाला, घाबरले असतील. मी विचारलं, या अंगणातल्या खुणा कशाच्या? तो म्हणाला, त्याला माहीत नाही.

"मिठागरावरून भांडण होतं तुमचं?"

"व्हतं," तो म्हणाला. "बापाशी भांडाला पन बाप लागतो ना, मॅडम."

त्याची आई गोदूबाई आत भिंतीला टेकून बसली होती. पूर्वी नावाची त्याची धाकटी बहीण माजघराच्या दारात उभी होती. कॉलेज संपवून नोकरीला लागायच्या बेतात असलेली, एकवीस-बावीसची मुलगी. मी तिला दोन प्रश्न विचारले आणि दोन्हींची उत्तरं केतनने दिली. काशिराम गेल्यापासून ती बोलत नाही, असं त्याने सांगितलं.

निघताना मी मागच्या पडवीत डोकावले. तिथे ट्रॅक्टर होता, जुनी मोटार होती, पाण्याचा पंप होता. तिघांनाही दसऱ्याचे झेंडूचे हार, आता सुकून काळे पडलेले. नव्या गाडीला मात्र हार नव्हता. बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक होतं, टायरांना चिरडलेल्या लिंबाचा चिकटा होता, पण हार नव्हता. नव्या सुनेला सोडून बाकी घराला साड्या घ्याव्यात तशातली गत.

शिवा गेटपाशी उभा होता. त्याला वकिलाकडे पनवेलला जायचं होतं आणि त्याचं लायसन पोलिसांकडे. मी म्हटलं, बस माझ्या गाडीत.

३

माझी गाडी जुनी आहे. ती कशासाठीही आपोआप थांबत नाही. कधीकधी आपोआप बंद पडते, तेवढंच.

शिवा पन्नाशीचा, किडकिडीत, रोह्याकडचा. पोरवयात काशिरामने त्याला आणला, मिठाच्या ट्रकवर क्लीनर म्हणून ठेवला, मग स्वतः शेजारी बसून गाडी शिकवली. पूर्वीला बालवाडीत सोडायला हाच जायचा. वाटेत त्याने एवढंच सांगितलं. मी नव्या गाडीचा विषय काढला. ती आवडायची का? तो म्हणाला, नाय. ती सारखी टुकटुक करायची, स्टिअरिंग हातातून ओढायची. म्हणून चावी फिरवली की तो आधी दोन बटणं दाबून तिची तेवढी अक्कल बंद करायचा आणि मग गाडी हलवायचा.

पण मी त्याच्या बोलण्याकडे कमी आणि पायाकडे जास्त बघत होते. शेजारच्या सीटवर पाय ठेवायच्या जागी ब्रेक नसतो. शिवाचा उजवा पाय तिथे ब्रेक शोधत होता. डंपर आडवा आला, पाय दाबला. रिक्षावाला घुसला, पाय दाबला. गतिरोधक दिसायच्या आधीच पाय दाबला. पनवेल येईपर्यंत माझ्या गाडीची चटई गोळा होऊन मागे गेली होती, आणि त्याचा त्याला पत्ताही नव्हता.

हा माणूस, ज्याने त्याला गाडी शिकवली त्याच्या अंगावर जाताना, ब्रेकला पाय लावणार नाही? मुद्दाम मारायचं असतं तरी त्याचा पाय त्याच्याशी बेइमानी करून ब्रेकवर गेला असता.

मी गाडी बाजूला घेतली आणि त्याला विचारलं, "शिवा, खोटं का बोलतोस?"

तो समोर बघत राहिला. "मीच चालवत व्हतो," तो म्हणाला. "लिवून घ्या."

"खुनाचं कलम लागतंय सोमवारी. माहीत आहे?"

हे त्याला माहीत नव्हतं. तरीही तो तेच वाक्य पुन्हा म्हणाला. मला त्याचा राग आला. खोटं बोलणारी माणसं मला रोज भेटतात, पण ती स्वतःला वाचवायला खोटं बोलतात. हा स्वतःला बुडवायला बोलत होता.

४

गाडी विकणारा हितेश पनवेलच्या शोरूममध्ये भेटला. इस्त्रीचा शर्ट, तोंडात साखर. अपघाताचं ऐकून आपल्याला झोप लागत नाही, असं तो म्हणाला. त्याची झोप पुरती झाल्यासारखी दिसत होती.

घरतांच्या अंगणातल्या खुणांबद्दल मी विचारल्यावर तो जरा अडखळला. मग सगळं बाहेर आलं. गाडी दिली त्या दिवशी त्याने अंगणात खेळ करून दाखवला होता. फ्रिजचं रिकामं खोकं मध्ये उभं केलं. गाडीला नीट दिसावं म्हणून खोक्यात पत्र्याचा डबा ठेवला आणि गाडी सरळ त्याच्यावर नेली. पाय दोन्ही वर, ब्रेकला हात नाही की पाय नाही. गाडी थांबली. आळीतली पोरंटोरं नाचली. मग काशिराम म्हणाला, खोक्याचं काय सांगता, माणसाला थांबते काय? आणि तो स्वतः जाऊन उभा राहिला.

"आणि तुम्ही गाडी नेलीत?"

"हळू होती हो मॅडम. सेफ आहे ती. थांबतेच. काका इतके खूश झाले!"

तेव्हापासून घरतांकडे तो खेळच झाला. पाहुणा आला की काशिराम त्याला अंगणात न्यायचा, कुणाला तरी गाडीत बसवायचा आणि स्वतः समोर उभा राहायचा. गाडी आपल्याला ओळखते, असं सांगायचा. हितेशला हे ठाऊक होतं. त्या निमित्ताने आळीत आणखी दोन गाड्या खपल्या होत्या.

केतन तर म्हणे हायवेवर स्टिअरिंग सोडून फोनवर बोलायला लागला होता. कशाला काळजी, गाडी पट्टा सोडत नाही. मी हितेशला विचारलं की तुम्ही त्यांना समजावलं नाही का? तो म्हणाला की पुस्तकात स्पष्ट छापलंय, चालकाने सदैव सावध राहावं.

आता मी सुरक्षेच्या विरोधात नाही. पट्ट्याने आणि हवेच्या फुग्याने वाचलेली इतकी माणसं मी पाहिली आहेत की त्या शोधांना नमस्कार करावा. पण तीस वर्षं मी हेही बघते आहे की गाडी जेवढी शहाणी होते तेवढा आतला माणूस वेडेपणाला मोकळा होतो. आंधळ्याच्या गायी देव राखतो हे खरं, पण म्हणून डोळसांनी डोळे मिटून गायी सोडायच्या नसतात. आमच्या दाराच्या चौकटीवर मेझुझा असतो, म्हणजे देवाच्या वचनाची बारीकशी नळी. घराचं रक्षण होतं म्हणतात. येताजाता तिला हात लावून ओठांना लावायचा. माझी आई जोकबेद तो हात लावायची आणि त्याच हाताने कडी घालायची.

म्हणजे काशिराम का हलला नाही, आणि ब्रेक का मारला गेला नाही, या दोन्हींचं उत्तर एकच निघालं. समोर उभा असलेला गाडीवर विसंबला होता आणि आत बसलेलाही गाडीवरच विसंबला होता. हा खून नव्हता. पण हे मी इन्स्पेक्टरला सांगितलं असतं तर तो हसला असता, कारण गाडी थांबते हे इंजिनिअरांनी दाखवून दिलं होतं. इतके दिवस थांबणारी आणि नंतरही थांबणारी गाडी नेमकी दसऱ्यालाच का थांबली नाही?

आणि आत कोण होतं?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मी द्रोणागिरीला जाऊन आणलं. तिथे केतनचं गोदाम आहे. केतन म्हणत होता तो दसऱ्याच्या दुपारी घरी होता. पण दसऱ्याला गोदामाचा मालक घरी बसेल हे मला पटेना. त्या दिवशी फोर्कलिफ्टची, वजनकाट्याची, ट्रकांची पूजा असते, आणि मालकाच्या हातचा पेढा मिळाल्याशिवाय कामगार हलत नाहीत. वॉचमनला मी नुसतं विचारलं की यंदा पूजा कशी झाली. चांगली झाली, तो म्हणाला. केतनशेठ होते, आणि नारळ दरवर्षीप्रमाणे शिवानेच फोडला. गाडी चालवणाऱ्याचा तो मान असतो. नारळ फुटला, पेढे वाटायला घेतले, तेवढ्यात घरून फोन आला आणि दोघं तसेच जुन्या मोटारीने धावले.

म्हणजे पाहणारा तिथे नव्हता आणि चालवणाराही तिथे नव्हता. नवी गाडी त्या दुपारी घरीच उभी होती, आणि घरात काशिराम सोडून दोनच माणसं होती. त्यातल्या गोदूबाईला सायकलसुद्धा येत नाही.

५

रविवारी सकाळी मी इन्स्पेक्टरला उलव्याला बोलावलं. हितेशलाही बोलावलं. तो येताना नवीन टाय घालून आला. मी पनवेलच्या बाजारातून एक वस्तू घेतली होती, ती पिशवीतच ठेवली.

पहिल्यांदा मी इन्स्पेक्टरला नारळाची हकिगत सांगितली. केतनने मान खाली घातली. शिवा पुढे आला आणि वॉचमन खोटं बोलतो, असं म्हणू लागला. मी त्याला म्हटलं, नारळ फोडताना पाहणारे वीस कामगार आहेत, शिवा, आता पुरे. तो पायरीवर बसला.

"मग गाडी कोण चालवत होतं?" इन्स्पेक्टरने विचारलं.

मी म्हटलं, ते नंतर. आधी गाडी का थांबली नाही ते बघू, नाहीतर तुम्ही ज्याचं नाव घ्याल त्याच्यावर तुमचं तेच कलम लावाल.

पडवीत फ्रिजचं खोकं होतं. त्याच्यावर कुणीतरी कोळशाने मिशा काढल्या होत्या. इतके दिवस मार खायला उभं केलेलं खोकं, पण त्याला एक पोचा नव्हता. मी ते अंगणात उभं केलं, आत पत्र्याचा डबा ठेवला आणि गाडीत बसले. खरं सांगते, सोपं नाही ते. दोनदा माझा पाय आपोआप ब्रेकवर गेला. तिसऱ्यांदा मी पाय मागे ओढून धरले. खोकं समोर मोठं होत गेलं, आणि गाडीने दात खाऊन ब्रेक मारला. खोकं होतं तसंच उभं.

"बघा," हितेश म्हणाला. "थांबतेच."

मग मी पिशवीतून झेंडूचा हार काढला. चांगला जाड, दुपदरी, मध्ये आंब्याची पानं, पाणी शिंपडून ओला केलेला. तो मी गाडीच्या पुढच्या जाळीला, कंपनीच्या चिन्हावर बांधला. या गाडीचा डोळा त्या चिन्हाच्या मागे बसवलेला असतो. माझ्या मागे गोदूबाईने श्वास आत घेतल्याचा आवाज आला, पण मी वळले नाही.

मी पुन्हा गाडीत बसले. समोर एक पिवळा दिवा लागला, डोळा झाकला गेल्याचा. खोकं मोठं होत गेलं, आणखी मोठं झालं, आणि गाडी त्याच्यावरून गेली. पत्र्याचा डबा चाकाखाली चेपल्याचा आवाज मी अजून विसरलेले नाही. ब्रेक मी मारला तेव्हा मी पायऱ्यांपाशी होते.

हितेश हळूच म्हणाला की सेन्सरवर काही लावू नये असं पुस्तकात छापलेलं आहे. मी त्याला म्हटलं, पुस्तक तुम्ही त्यांना मराठीत दिलंत की इंग्रजीत, ते सांगा. तो टाय सैल करू लागला.

इन्स्पेक्टरला मी उरलेलं समजावलं. घरात दसऱ्याला ट्रॅक्टरला हार, पंपाला हार, जुन्या मोटारीला हार, आणि ते आजही तसेच आहेत. लाडक्या नव्या गाडीलाच हार नाही, असं होणार नाही. तो होता, पण कुणीतरी काढला. पोलीस यायच्या आत काढला म्हणून तुमच्या लोकांना दिसला नाही, आणि इंजिनिअरांनी उघड्या डोळ्यांची गाडी तपासली.

"मी काढला," गोदूबाई म्हणाली. इतक्या दिवसांत तिचा आवाज मी पहिल्यांदा ऐकला. "त्याचा जीव घेतलेल्या गाडीला हार कशाला? वरबाडून फेकला."

मग ती जमिनीकडे बघत म्हणाली, "घातलापन मीच. सकाली उठून माज्या हातानी ओवला. उन्हानं सुकू नये म्हणून वला केला."

मला त्या क्षणी माझा धंदा नकोसा झाला. शिवाला सोडवायला निघाले होते आणि त्याच्या जागी एका विधवेला उभं केलं होतं. सत्य सांगितलं की सगळ्यांचं भलं होतं असं म्हणणाऱ्यांनी एकदा माझ्याबरोबर यावं.

तेव्हा पूर्वी दारातून बाहेर आली. केतनने तिचा हात धरला. तिने तो सोडवला आणि सरळ आईसमोर येऊन उभी राहिली.

"आई, तुझा हार नाय. माझा पाय," ती म्हणाली. "तो पिवळा दिवा मी पाहिला होता. पण ती गाडी सारखा कसला ना कसला दिवा लावते, कोण बघतं? बाबा म्हणाले, आज सणाचा दिवस, आज तू चालव, मी उभा राहतो. मला भीती वाटत होती. माझा पाय ब्रेकवर होता, आई. बाबांना तो काचेतून दिसत नव्हता, पण त्यांना कळलं. ते हसले आणि हाताने खूण केली, काढ म्हणून. मी काढला."

तिच्याकडे शिकाऊ लायसन होतं. गाडी शिकवत होता शिवाच, आणि पाय ब्रेकवरून हलवायचा नाही, हाच त्याचा पहिला धडा होता. धावत आलेल्या केतनने तिला आत ढकललं होतं आणि पोलिसांना काय सांगायचं ते शिवाला विचारलं होतं. शिवा म्हणाला, माझं नाव सांगा. कुणी त्याच्यावर जबरदस्ती केली नव्हती. केतन हे सांगताना लहान मुलासारखा हुंदके देत होता, आणि मला त्याची दया आली नाही. दुसऱ्याने नाव पुढे केलं तरी ते घ्यायचं की नाही, हे आपल्या हातात असतं.

इन्स्पेक्टर माणूस वाईट नव्हता. त्याने खुनाचं बोलणं सोडून दिलं. पण अपघात तर होता, आणि खोटी साक्षही होती, केतनला त्याचं उत्तर द्यावं लागणारच होतं. इन्स्पेक्टरने पूर्वीला सांगितलं की जबाबासाठी चौकीवर यावं लागेल.

"एकलीला नेनार काय?" गोदूबाईने विचारलं.

"जबाब तिचाच आहे, मावशी."

गोदूबाई उठली. भिंतीला हात धरून, हळू, पण उठली. तिने पदर खोचला आणि मुलीच्या शेजारी जाऊन उभी राहिली. आईने तिच्या पाठीवर हात ठेवला, आणि मग ती इन्स्पेक्टरला म्हणाली, "मीपन येते. हार मी घातला ते लिवा. आनि त्यो सोता जाऊन उभा ऱ्हायला, पाय काढ बोलला, तेपन लिवा. मेलेल्याचं नाव कुनी लिवत नाय, पन त्याचं लिवा. माज्या एकल्या पोरीच्या नावावर समदं टाकू नका."

चाळीस वर्षांचा संसार ज्याच्याशी केला, त्याच्या सुतकात ती हे बोलत होती. मी तिला हात जोडले.

इन्स्पेक्टरने बॉनेटवर कागद ठेवला आणि तिथेच उभ्या उभ्या लिहून घेतलं. गोदूबाईने सांगितलं तसंच, तिन्ही नावं. मग शिवाचा जुना जबाब काढला आणि त्याच्यावर आडवी रेघ मारली.

शिवाने ती रेघ पाहिली. तो पायरीवर बसून होता. त्याने दोन्ही हातांनी तोंड झाकलं, आणि काशिराम गेल्यापासून पहिल्यांदा काशिरामसाठी रडला.